दार वाजवून आलेला चोर

१

घर चोरीला गेलं होतं. मोठं नव्हे, लहान. पण मालकीणबाई ज्या सुरात सांगत होत्या त्यावरून वाटावं, की सगळे जेवून पडल्यावर कुणीतरी भिंती-छपरासकट सगळी वास्तूच उचलून नेली.

शेताच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या दगडी वास्तूला सगळे 'थोरलं घर' म्हणत. ते बांधायच्या आधी बांधणाऱ्या कारागिरानं त्याचा लाकडी नमुना केला होता. बोटाएवढ्या तुळया, नखानं उघडणारी दारं, आणि एकावर एक बसवलेले मजले, वाटलं तर उचलून बाजूला ठेवता येणारे. कित्येक पिढ्या तो नमुना मधल्या दिवाणखान्यात एका टेबलावर होता. काल दुपारी घर वामकुक्षी करत होतं आणि चहाच्या वेळी पाहतात तर टेबल रिकामं.

"तुम्ही ऐकताय ना?" मालकीणबाईंनी विचारलं.

"ऐकतेय. पण जरा थांबा. मला आधी हे बघू द्या."

असं म्हणणाऱ्या बाई विमा कंपनीच्या तपासनीस होत्या. जिथं काही खटकेल तिथं खिशातला खडू काढून खूण करायची त्यांना सवय, म्हणून कचेरीत त्यांचं नाव खडूबाई पडलं होतं, आणि आता घरचेसुद्धा तेच म्हणत. उभा जन्म त्यांनी भाड्याच्या दोन खोल्यांत काढला होता. छत म्हणजे पंखा टांगायची जागा, एवढीच त्यांची समजूत. आणि इथं डोक्यावर अख्खे वृक्ष होते. दोन्ही भिंतींतून निघून, वाकत वाकत वर जाऊन ते एकमेकांना मिळाले होते, आणि त्या सगळ्या सांगाड्यात लोखंडाचा एकही खिळा नव्हता, नुसत्या लाकडी खुंट्या. उंचावरच्या झरोक्यांतून ऊन खाली फरशीवर येत होतं. खडूबाईंचा ऊर भरून आला. माणसांनी हे हातांनी केलंय, हे त्यांना खरंच वाटेना.

"ती मधली तुळई तडकलीय," मालकीणबाई म्हणाल्या. साठीच्या, पण आवाज शेतभर पोचेल असा. महिन्यापूर्वी पायरीवरून पडल्यानं पाय प्लास्टरमध्ये, आणि त्यामुळे सगळा राग जिभेवर आलेला. "दुरुस्तीचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. वारसा समिती करणार आहे, उद्या सकाळी माणसं येतायत. पण त्यांची अट आहे. घर नमुन्याबरहुकूम करायचं. नमुन्यात आहे ते राहील, नाही ते जाईल. नमुनाच नसेल तर समिती आल्या पावली परत. मग माझ्या भाच्यानं गिऱ्हाईक तयार ठेवलंच आहे."

"नमुन्यात नाही असं काय काय आहे?"

"मागची पत्र्याची पडवी. नवं न्हाणीघर. आणि..." बाईंचा आवाज एकदम उतरला. "आणि पारव्यांचा बुरूज. तो नंतर कुणीतरी हौसेनं बांधला असणार, असं जाणकार म्हणतात. लहानपणापासून मी त्या पाखरांना दाणे घालत आले. पण घर वाचतंय ना? मग बुरूज जाऊ दे. मी मनाला समजावलंय."

मन समजलेलं नव्हतं, हे कुणालाही दिसलं असतं. खडूबाईंनी विषय वाढवला नाही. त्या टेबलापाशी गेल्या. नमुना जिथं होता तिथं धूळ नव्हती, आणि भोवतीच्या धुळीत त्याचा आकार स्वच्छ उमटला होता. त्यांनी खडूनं त्याभोवती रेघ ओढली. चौकोनी फळी, पण एक कोपरा आत गोल खाल्लेला.

"हे काय?"

"उंदरांनी खाल्लं असेल. माझ्या आजोबांच्या वेळेपासून तसंच आहे."

"उंदीर इतकं गोल खातात होय?" असं पुटपुटत खडूबाईंनी तिथं आणखी एक खूण केली. मग त्यांनी फाटकावरच्या माणसाला बोलावून विचारलं. काल दुपारपासून एकही गाडी बाहेर गेली नव्हती, आणि हातात काही घेऊन कुणी पायीसुद्धा गेलं नव्हतं.

"म्हणजे नमुना इथंच आहे," त्या म्हणाल्या. "आणि चोरही इथंच जेवतोय."

२

भाचा कोठाराच्या ओट्यावर बसून फोनवर बोलत होता. खडूबाईंना पाहताच त्यानं फोन बंद केला आणि आपणहून सुरुवात केली.

"हो, मला विकायचंय. मी लपवतच नाही. आत्याला सांगून सांगून माझा घसा बसला. या छपराखाली एक दिवस सगळे गाडले जाऊ. पण विकायचं म्हणजे चोरायचं नाही हो! उद्या समिती नाही म्हणाली असती तर विकलं असतं, हो म्हणाली असती तर गप्प बसलो असतो."

"काल दुपारी कुठं होतात?"

"झोपलो होतो. साक्षीदार म्हणाल तर माझं घोरणं."

खडूबाईंना हसू आलं. हा माणूस सरळ होता, की सरळ दिसण्यात पटाईत होता, ते मात्र त्यांना ठरवता येईना.

दुसरा होता नकाशेवाला. समितीनं घराचे नकाशे करायला नेमलेला तरुण वास्तुतज्ज्ञ, गेले काही महिने इथंच मुक्कामाला. त्याची खोली कागदांनी भरलेली, बोटं शिसपेन्सिलीनं काळी, कोपऱ्यात नकाशे न्यायची भलीमोठी चपटी पेटी. ती पाठीला लावून तो दिवसभर आवारात हिंडे. घराबद्दल विचारायचा अवकाश, त्याचा बांध फुटला.

"या घराचं एक कोडं मला सुटत नाही, बाई. दिवाणखाना घ्या, गोठा घ्या, कोठार घ्या. प्रत्येकाची लांबी-रुंदी एकाच मापाच्या पटीत आहे. पण ते माप कुठलं? ना हाताचं, ना काठीचं. असं माप मी कुठंच पाहिलेलं नाही. कुणाच्या तरी डोक्यात ते पक्कं होतं, आणि त्यानं दगडाचा एक तुकडासुद्धा त्याच्याबाहेर जाऊ दिला नाही." बोलताना त्याचे डोळे चमकत होते. "मी रोज सकाळी उठतो आणि मला वाटतं, आपण काहीच शिकलेलो नाही."

खडूबाईंना तो आवडला. भिंतीवर समितीसाठीचा मोठा नकाशा होता, त्यावर पाडायच्या गोष्टींवर लाल फुल्या. पडवीवर ठसठशीत फुली, न्हाणीघरावर ठसठशीत फुली. बुरुजावरची मात्र अगदी फिकी, जेमतेम दिसेल अशी.

"बुरूज आतून कसा आहे?"

"मी आत गेलो नाही," तो पटकन म्हणाला. "जे पाडायचं त्याचं बाहेरून माप घेतलं तरी पुरतं."

परत दिवाणखान्यात आल्यावर खडूबाईंनी मालकीणबाईंना एकच विचारलं. काल दुपारी काही ऐकलंत का?

"ऐकणार काय? पाय वर करून माझ्या खोलीच्या खिडकीत बसले होते, तिथून बुरुजाचं दार दिसत नाही. सगळं चिडीचूप. फक्त बुरुजाचं दार वाजलं."

"वाजलं म्हणजे?"

"ठोठावलं हो. तीनदा." मालकीणबाईंना या अडाणीपणाची कीव आली. "आत पाखरं अंड्यांवर बसलेली असतात. माणूस एकदम घुसला की बिथरतात, अंडी फुटतात. म्हणून आधी दार ठोठावायचं, आतली फडफड थांबेपर्यंत उभं राहायचं, मग शिरायचं. इथली रीत आहे ती. मला वाटलं, कारभारी दाणे टाकायला गेला. माझा पाय मोडल्यापासून तोच टाकतो."

कारभारी दारातच उभा होता. थोराड, दमेकरी, मान खाली घालून बोलणारा. "हो, मीच होतो," तो घाईघाईनं म्हणाला.

"पण दाणे तर सकाळी टाकतात," मालकीणबाई चमकून म्हणाल्या. "मला तेव्हाच नवल वाटलं होतं. दुपारी काय करत होतास तू तिथं?"

कारभाऱ्याची बोबडी वळली. हा, म्हणजे, ते, असं काहीतरी त्याच्या तोंडून निघालं आणि तो घाम पुसू लागला.

३

बुरूज आवाराच्या कोपऱ्यात होता. गोल, जाड भिंतींचा, वर टोपीसारखं छप्पर. दार जेमतेम कमरेएवढं, म्हणजे शिरायचं तर वाकूनच शिरावं लागे. खडूबाई भाचा, नकाशेवाला आणि कारभारी या तिघांना घेऊन तिथं आल्या आणि भाच्याला म्हणाल्या, "उघडा बघू."

त्यानं पुढे होऊन दाराला सरळ खांदा लावला.

आत एकच हलकल्लोळ माजला. वरच्या झरोक्यांतून, दारातून, सगळीकडून पारवे बाहेर फुटले. भाचा दोन्ही हातांनी तोंड झाकून मागे धडपडला आणि खाली बसला. तिकडे खिडकीतून मालकीणबाईंनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यातल्या बऱ्याचशा पिढ्या त्यांच्याही होत्या, पण ते भान त्यांना राहिलं नाही.

"पुरे," खडूबाई म्हणाल्या. "ज्याला ही रीत ठाऊक नाही तो काल दार ठोठावणार नाही. तुम्ही सुटलात."

मग त्या कारभाऱ्याकडे वळल्या. "आत पाखरांपर्यंत पोचायला शिडी असेल ना? चालते का नीट?"

"कसली चालते! फिरती शिडी आहे, पण गंजलीय. करकर करते, दोन हातांनी रेटावी लागते."

"बरं," म्हणत खडूबाई वाकून आत शिरल्या, पाठ सरळ केली, वर पाहिलं, आणि आपण कशासाठी आलो आहोत हे क्षणभर साफ विसरून गेल्या.

भिंतभर कोनाडे होते. जमिनीपासून थेट छपरापर्यंत, ओळीवर ओळ, शेकड्यांनी, सगळे एका आकाराचे, गोल भिंतीभोवती न चुकता फिरत गेलेले. प्रत्येकात थोडासा काळोख, आणि काही काळोखांत एकेक लाल डोळा. बुरुजाच्या बरोबर मधोमध एका झाडाचा अख्खा सोट उभा होता, जमिनीपासून माथ्यापर्यंत. त्याला खाली एक आणि वर एक असे आडवे हात, आणि त्या हातांच्या टोकांना भिंतीलगत टेकलेली शिडी. सोट फिरला की शिडीही भिंतीभोवती फिरणार, आणि शिडीवरचा माणूस न उतरता प्रत्येक कोनाड्यापाशी पोचणार. केवढी साधी युक्ती! कुणा अनाम डोक्यातून निघाली असेल? खडूबाईंना तिथं मोठ्यानं बोलायचा धीर होईना. घरातल्या छताखाली त्यांना आपण लहान वाटलो होतो. इथं लहान वाटण्यातसुद्धा सुख होतं.

त्यांनी सोटाला एक बोट लावलं. तेवढा प्रचंड खांब, त्याचे हात, शिडी, सगळं आवाज न करता फिरलं.

करकर नाही. रेटणं नाही. कारभारी महिनाभर आत आलेलाच नव्हता!

त्यांनी खाली बसून पाहिलं. सोटाचं लोखंडी टोक दगडाच्या खळग्यात बसलं होतं, आणि खळग्याच्या कडेला काळी चकचकीत भुकटी पडली होती. त्यांनी ती चिमटीत घेऊन चोळली. तेल नाही, वंगण नाही. मग त्या शिडी चढू लागल्या. गुडघे कुरकुरत होते, पण कुतूहल गुडघ्यांना मोजत नव्हतं. अगदी वर, जिथं दारातून वाकून येणाऱ्याची नजर कधी जात नाही, तिथं वरच्या आडव्या हातावर काहीतरी दोरीनं नीट बांधून ठेवलं होतं, जाड कापडात गुंडाळून.

त्यांनी कापडाचं टोक उचललं. आतून बोटाएवढ्या खिडक्यांची एक रांग त्यांच्याकडे पाहत होती.

४

"कारभारी चोर नाही," खडूबाईंनी दिवाणखान्यात सगळ्यांसमोर सांगितलं. नमुना पुन्हा टेबलावर आला होता, मजले वेगवेगळे. "तो फक्त खोटं बोलला. त्याला दमा आहे, आतली धूळ सोसत नाही, आणि बाईंना सांगायची छाती नाही. म्हणून दाणे टाकायचं काम त्यानं गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात घातलं, आणि काल दार कुणी ठोठावलं असं निघाल्यावर काम चुकवल्याचं उघडं पडू नये म्हणून 'मीच' म्हणाला. चोर असता तर त्यानं स्वतःला बुरुजाच्या दारात कशाला नेऊन उभं केलं असतं? बरोबर?"

कारभाऱ्यानं मान डोलावली आणि मालकीणबाईंची नजर चुकवली.

"मग पाखरांना महिनाभर खाऊ कुणी घातलं? अशा माणसानं, ज्यानं करकरणारा खांब दुरुस्तसुद्धा केला. शेतावरच्या कुणीही त्याला तेल घातलं असतं. यानं मात्र हाताशी होतं ते वापरलं. शिसपेन्सिलीचं शिसं, बारीक कुटून." खडूबाईंनी आपली काळी बोटं दाखवली. "ज्याच्या पाठीवरच्या चपट्या पेटीत नमुन्याची फळी आणि मजले सहज मावतात, आणि ती पेटी रोज दिसत असल्यानं कुणाला दिसत नाही. जो म्हणतो की मी आत गेलोच नाही. पण हातात चोरीचा माल असतानाही अंडी फुटू नयेत म्हणून जो आधी दार ठोठावतो."

नकाशेवाल्यानं नाकारलं नाही. त्याचा चेहरा उतरला, पण आवाज स्थिर होता.

"पहिल्या दिवशी कारभाऱ्यांनी दाणे देऊन पाठवलं तेव्हा मी आत जाऊन तासभर नुसता उभा होतो. इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि त्यावर लाल फुली मारायची मी! माझ्याच हातानं. नमुन्यात नाही, म्हणजे नंतरचा, म्हणजे पाडा. समितीचा नियम आहे, मी कोण बोलणार? वाटलं, नमुना मिळाला नाही तर समिती तारीख पुढे ढकलेल. तेवढ्या अवधीत बुरूज ठेवण्याजोगा आहे याचा काही पुरावा शोधीन आणि नमुना परत ठेवीन. तुळईला टेकू देता येतो, बाई. पाडलेला बुरूज परत उभा राहत नाही."

"आणि समिती कायमची निघून गेली असती तर?" मालकीणबाई कडाडल्या. "माझं घर तू पणाला लावलंस! माझं! मला विचारलंस? त्या पाखरांसाठी मी रात्रंदिवस मनात कुढतेय, आणि तरी घरासाठी दगड ठेवला छातीवर. आणि तू..." राग कुठं संपला आणि रडू कुठं सुरू झालं ते त्यांनाही कळलं नाही.

भाचा खाकरला. कारभारी फरशीकडे पाहत होता. खडूबाई मात्र कुणाकडेच पाहत नव्हत्या. त्या नमुन्याच्या फळीवर वाकल्या होत्या आणि तो गोल खाल्लेला कोपरा बोटानं चाचपत होत्या. कड गुळगुळीत होती. उंदरांचे दात नव्हते, करवत होती, आणि वरून कानस फिरवलेली. नमुन्यातली आवाराची भिंत दोन्ही बाजूंनी येऊन नेमकी त्या गोल कडेला टेकून थांबत होती.

"फळी उचला," त्या एकदम म्हणाल्या. "बाईंची खुर्चीसुद्धा उचला. सगळे चला बुरुजापाशी."

५

भाच्यानं आणि कारभाऱ्यानं मालकीणबाईंना खुर्चीसकट आणलं. उन्हं कलू लागली होती. खडूबाईंनी फळी बुरुजासमोर जमिनीवर ठेवली आणि घराकडे बघून हळूहळू फिरवली, नमुन्यातलं घर आणि खरं घर एका दिशेला येईपर्यंत. खाल्लेला कोपरा बुरुजाकडे आला. आवाराची खरी भिंतही दोन्ही बाजूंनी येऊन बुरुजाच्या गोलाईला टेकली होती.

"मोजा," त्या नकाशेवाल्याला म्हणाल्या.

त्यानं बुरुजाला फीत लावली, मग फळीच्या कोपऱ्याला. कागदावर आकडेमोड केली. ती खोडून पुन्हा केली.

"घर जितक्या पटीनं लहान केलंय, हा गोलही तितक्याच पटीनं लहान आहे. तंतोतंत. ही बुरुजाची जागा आहे. कारागिरानं ती मुद्दाम कापून सोडलीय."

"मग त्यानं बुरूज का नाही केला?" भाच्यानं विचारलं.

"नमुना कशासाठी करतात?" खडूबाईंनी उलट विचारलं.

"जे बांधायचंय ते मालकाला आधी दाखवायला."

"आणि मालकाच्या डोळ्यांसमोर जे उभंच आहे, ते?"

बुरुजात पारवे घुमत होते. मालकीणबाईंचा हात नकळत तोंडावर गेला.

"बुरूज नंतरचा नाही," नकाशेवाला स्वतःशीच म्हणाला. "आधीचा आहे. घर त्याच्या शेजारी बांधलंय." आणि मग त्याला काहीतरी सुचलं असावं, कारण तो फीत घेऊन दाराकडे धावला. दाराशी मात्र थांबला, तीनदा ठोठावलं, आतली फडफड शांत होईस्तोवर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला, आणि मगच वाकून आत शिरला.

बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"तो आडवा हात, खांबापासून भिंतीपर्यंतचा. बाई, तेच माप आहे! दिवाणखाना, गोठा, कोठार, सगळं त्या एका हाताच्या पटीत. हा खांब या दारातून कुठल्याही मार्गानं आत जाऊ शकत नाही. म्हणजे तो आधी उघड्या माळावर उभा केला, तो हात फिरवून जमिनीवर गोल काढला, आणि त्या गोलावर भिंत चढवली. मग घर बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी नवं माप शोधलंच नाही. हेच घेतलं." त्यानं थोरल्या घराकडे पाहिलं. "पाखरांच्या घरावरून माणसांचं घर बेतलंय."

खडूबाईंनी घराकडे पाहिलं, मग बुरुजाकडे, मग पुन्हा घराकडे. त्यांच्या अंगावर काटा आला. कोण होती ती माणसं? त्यांची नावं कुठं नाहीत, चेहरे कुठं नाहीत, पण एका लाकडाची लांबी त्यांनी दगडात अशी जपून ठेवली होती की इतक्या पिढ्यांनंतर ती सापडावी. त्या मालकीणबाईंच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसल्या.

"मी हा बुरूज पाडायला हो म्हटलं होतं," मालकीणबाई म्हणाल्या. "हो म्हटलं होतं हो मी."

"काल नमुना चोरीला गेला नसता," खडूबाई म्हणाल्या, "तर उद्या सगळ्यांनी तो टेबलावरच पाहिला असता, आणि परवा मजूर आले असते."

हे ऐकून नकाशेवाल्यानं आशेनं मान वर केली. मालकीणबाईंनी ती लगेच खाली घालायला लावली.

"म्हणून काही तू साव होत नाहीस. उद्या समितीसमोर तुझ्या तोंडानं सांगायचं. सगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सांगितलं. काही वगळलं नाही, कारभाऱ्याचं नाव मात्र घेतलं नाही. समितीच्या अध्यक्षा कडक बाई होत्या. त्यांनी सगळं उभ्यानं ऐकून घेतलं, फळीचा कोपरा पाहिला, आणि मग वाकून बुरुजात शिरल्या. त्या इतका वेळ बाहेर आल्या नाहीत की बाकीचे सदस्य घड्याळं पाहू लागले. बाहेर आल्यावर त्यांनी भिंतीवरचा नकाशा मागवला, ती फिकी लाल फुली खोडून टाकली, आणि जपायच्या गोष्टींच्या यादीत बुरूज घराच्याही वर लिहिला. तुळईचा खर्च मंजूर झाला. भाच्यानं आपल्या गिऱ्हाइकाला नकार कळवला आणि तिथल्या तिथं, कुणी न सांगता, बुरुजाचं छप्पर शाकारायला माणसं कुठं मिळतील याची चौकशी सुरू केली.

नकाशेवाल्याचं काम मात्र गेलं. अध्यक्षांनी ते शांतपणे सांगितलं आणि त्यानं शांतपणे ऐकलं. ज्यानं नमुन्याला हात लावला त्याला त्याच घरावर ठेवता येत नव्हतं, आणि हे त्यालाही पटत होतं.

दुपारी तो सामान बांधून निरोप घ्यायला आला. मालकीणबाई पाय वर करून खिडकीत बसल्या होत्या. तो पाया पडायला वाकला, तशी त्यांनी त्याची पेटी काठीनं बाजूला सारली.

"कुठं निघालास?"

"काम संपलं, बाई."

"समितीचं संपलं. माझं कुठं संपलं? कारभाऱ्याला दमा आहे, हा भाचा आत गेला तर एक अंडं धड राहायचं नाही, आणि माझा पाय अजून महिनाभर असाच." त्यांनी काठी माडीकडे रोखली. "पगार देणार नाही. शिक्षा आहे ती. जा, सामान वर ठेव."